वॉर्फरिनचा डोस: जनुकीय अहवाल आला, आता सुरुवात कितीने?

झडप_विभाग:
रुग्णाच्या हृदयात एऑर्टिक जागी यांत्रिक झडप बसवली आहे, त्यामुळे गुठळी रोखणारी नवी गोळ्यांची औषधे बाद. वॉर्फरिन हे गुठळी रोखणारे जुने औषधच द्यावे लागणार. तोवर हेपॅरिन (गुठळी रोखणारे इंजेक्शन) चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी; आकडा जास्त तर रक्त जास्त पातळ) २ ते ३ हवा. अहवालात दोन जनुके आणि त्यांचे प्रकार: सीवायपी२सी९ *१/*३, व्हीकेओआरसी१ -१६३९ एए. नेहमीसारखे ५ मिग्रॅने सुरू करावे का? आणि जनुके कळलीच आहेत, तर आयएनआर कमी वेळा केला तर चालेल का? जाणकारांनी सांगावे.

मात्रामापक:
५ मिग्रॅ नको. इथे दोन्ही जनुके एकाच दिशेने ओढतात. व्हीकेओआरसी१ एए असल्यामुळे वॉर्फरिन ज्या एन्झाइमला रोखते तेच यकृतात कमी बनते. सीवायपी२सी९ च्या *३ मुळे वॉर्फरिनचा जास्त प्रभावी एस-भाग शरीरातून हळू निघतो. अमेरिकी एफडीएने मान्य केलेल्या माहितीपत्रकातल्या तक्त्यात या जोडीला रोज ०.५ ते २ मिग्रॅ आहे. व्हीकेओआरसी१ जीजी आणि सीवायपी२सी९ *१/*१ या जोडीला ५ ते ७.

तक्त्यात वय, वजन, अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचे औषध, वॉर्फरिनचा परिणाम वाढवते) यांचा हिशेब नाही. तो २००९ च्या आयडब्ल्यूपीसी या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाच्या डोस-सूत्रात आहे. हाताने मांडणार असाल तर एक जागा सांभाळा: उत्तर येते ते आठवड्याच्या मिलिग्रॅमचे वर्गमूळ. ३.६ आले तर वर्ग १२.९६, भागिले ७, म्हणजे रोज साधारण १.८५ मिग्रॅ. ३.६ हाच रोजचा डोस समजला, तर जवळजवळ दुप्पट औषध जाईल.

लोडिंग डोस (सुरुवातीलाच दिलेला मोठा डोस) अजिबात नको.

आयएनआर_वही:
आयएनआर कमी वेळा? उलट जास्त वेळा, आणि जास्त दिवस. *३ असताना एका डोसचा पूर्ण परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे लागू शकतात. घोळ इथेच होतो: चौथ्या दिवशी १.४ दिसतो, कोणीतरी डोस वाढवतो, आणि दुसऱ्या आठवड्यात आयएनआर ५ च्या पुढे जातो. बदल करायचाच तर आठवड्याच्या एकूण डोसच्या ५ ते १५ टक्क्यांत, आणि मग थांबून बघायचे.

पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या वाढीवर हेपॅरिन बंद करू नका. ती फॅक्टर ७ हा रक्त गोठवणारा घटक घटल्याची असते, त्याचे अर्धआयुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) सुमारे ६ तास. प्रोथ्रॉम्बिन या दुसऱ्या घटकाचे ६० ते ७२ तास, म्हणजे गुठळीपासून खरे संरक्षण मागाहून येते.

गोळ्या १ मिग्रॅच्याच लिहा. ५ ची गोळी तोडून दीड मिग्रॅ नेमके होत नाही. एक दिवस १, एक दिवस २ हे सोपे.

झडप_विभाग:
धन्यवाद. मग प्रत्येकाचीच चाचणी करावी का? आणि असेनोकुमारोल (वॉर्फरिनसारखेच दुसरे औषध) दिले तर हाच तक्ता?

मात्रामापक:
तक्ता फक्त वॉर्फरिनचा, असेनोकुमारोलला लावू नका.

सरसकट चाचणीबद्दल मतभेद आहेत. २०१३ च्या ईयू-पॅक्ट या चाचणी-अभ्यासात जनुकांवरून डोस ठरवण्याचा फायदा दिसला, पण तुलना ठरावीक डोसशी होती. त्याच वर्षीच्या सीओएजी या दुसऱ्या अभ्यासात वय-वजनावरच्या सूत्राशी तुलना केली, तर फरक दिसला नाही, आणि कृष्णवर्णीय सहभागींमध्ये जनुकीय गट मागे पडला. तिथे सीवायपी२सी९ चे *५, *६, *८, *११ हे प्रकार पाहिलेच नव्हते. म्हणून अहवालात कोणते प्रकार तपासले ते आधी वाचा. *१ म्हणजे 'तपासलेल्यांपैकी काही सापडले नाही' एवढेच. माझ्या मते अहवाल पहिल्या गोळीआधी किंवा पहिल्या काही दिवसांत हाती येणार असेल तरच चाचणीला अर्थ आहे. आयएनआर काही आठवडे स्थिर असेल तर डोस आधीच सापडलेला आहे.

आयएनआर_वही:
एक भर. यकृत प्रत्यारोपण झाले असेल तर रक्ताचा किंवा लाळेचा अहवाल इथे उपयोगाचा नाही. ही दोन्ही एन्झाइमे यकृतात काम करतात आणि ते यकृत दात्याचे असते. आणि सीवायपी२सी१९ या वेगळ्या जनुकाचा अहवाल क्लोपिडोग्रेल या दुसऱ्या औषधासाठी असतो. नावे सारखी दिसतात, फाइलमध्ये अदलाबदल होऊ देऊ नका.