पाय जायबंदी असताना थीम पार्क : कुठे अडतं आणि का

तिकिटं तीन महिने आधी काढलेली असतात आणि पाय आठ दिवस आधी मोडतो. प्लास्टर, वॉकर बूट, गुडघ्याचा ब्रेस, कुबड्या, काहीही असो. धीर देणारे घरात पुष्कळ आहेत. इथे फक्त कामाचं लिहा : किती चालावं लागतं, आसन किती खाली असतं, कुठे अडवतात.

ऑर्लँडोकर
अमेरिकेत ऑर्लँडोला असलेल्या डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्काबद्दल. भारतातून मुलांकडे आलेले आईबाबा हमखास इथेच येतात, म्हणून सविस्तर.

गाडी लावली म्हणजे पार्कात पोचलात असं नाही. पुढे मोनोरेल किंवा फेरीबोट, मग फाटक. पार्काची भाड्याची चाकाची खुर्ची फाटकापाशी मिळते आणि बाहेर नेता येत नाही. म्हणजे गाडीपासून फाटकापर्यंतचं अंतर हिशोबात धरलंच पाहिजे. ते झेपणार नसेल तर बाहेरच्या दुकानातून भाड्याने घ्या, ते हॉटेलवर आणून देतात. पाय सरळ उचलून धरणारा आधार मागायचा असेल तर तोही तिथेच मागा. पार्काच्या खुर्चीला तो नसतो असंच धरून चला. बसून चालवायची बॅटरीवरची स्कूटर घेणार असाल तर ३२ इंच रुंद आणि ४८ इंच लांब यापेक्षा मोठी नको, डिस्नीच्या बसमध्ये बसत नाही.

‘पाय मोडलाय म्हणजे रांग नाही’ हा समज सोडा. डीएएस ही रांगेत उभं न राहता परत यायची वेळ देणारी डिस्नीची सोय मे २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींसाठी आहे. पायासाठी खुर्ची घ्या आणि रांगेतच जा. जिथे रांगेत खुर्ची जात नाही, तिथे दारावरचा माणूस परत यायची वेळ देतो. थांबणं टळत नाही, उभं राहणं टळतं.

राइडवरचा
‘बसता येतं ना, मग झालं’ असं लोक म्हणतात. आमचा, राइड चालवणाऱ्यांचा, प्रश्न वेगळा असतो : मध्येच बंद पडली तर उतरता येईल का? सुटकेची वाट म्हणजे अरुंद कठडा, कधी शिडी. म्हणून दाराशी विचारतात तेव्हा खरं सांगा.

मॅजिक किंगडममधल्या राइडवर चढण्याचे तीन प्रकार डोळ्यांसमोर ठेवा.

सरकता पट्टा : हाँटेड मॅन्शनचा सांगितल्यावर हळू करतात, थांबवतातही. पीटर पॅनचा थांबत नाही, कुबड्यावाल्याने नाद सोडावा.

खाली उतरून बसणं : पायरेट्सची बोट, स्पेस माउंटनचं रॉकेट. बसताना काही वाटत नाही, उठताना कळतं. घरी चौरंगावर बसा आणि दुखऱ्या पायावर भार न देता उठून दाखवा. नाही जमलं तर या दोन्ही वगळा.

पाय आवळणाऱ्या : ट्रॉनवर बाइकसारखं ओणवं बसायचं, पोटरीमागून आधार येऊन घट्ट बसतो. ब्रेस किंवा बूट असेल तर तो बंदच होत नाही. काही गाड्यांना मागच्या टोकाला साधी बैठक असते, ती मागा. बाहेर नमुन्याचं आसन ठेवलंय, त्यावर आधी बसून बघा.

खुर्चीसकट जाता येतं अशा : जंगल क्रूझ, स्मॉल वर्ल्ड, आगगाडी. त्यासाठी खुर्ची हाताने ढकलायची हवी. स्कूटर असेल तर उतरून साध्या खुर्चीत बसावं लागतं.

फिजिओ
कुबडीची उशी काखेत रुतवून चालणारे पार्कात दिवसभर दिसतात. काख आणि उशीत दोन-तीन बोटं अंतर हवं, मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला, भार तळहातांवर. काखेवर भार दिला की नस दबते, हात बधिर होतो, मनगट लोंबायला लागतं.

कुबडीच्या टोकाचं रबरी बूच उलटं करून बघा. तळाच्या गोल रेघा झिजून सपाट झाल्या असतील तर निघायच्या आधी बदला. पाण्याच्या राइडच्या बाहेरची फरशी आणि झिजलेलं बूच म्हणजे दुसरा पाय पण प्लास्टरमध्ये.

पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी.

पीओपीचं प्लास्टर भिजलं की मऊ पडतं. फायबरचं टणक राहतं, पण आतला कापूस ओला राहतो आणि कातडी पांढरी पडून सोलते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवं. वॉटर पार्क बादच करा.

चाकवाला
मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर घोडागाडीचे रूळ रस्त्यात बसवलेले आहेत. तिरकं ओलांडलं की खुर्चीचं पुढचं छोटं चाक खाचेत उतरतं, खुर्ची जागीच थांबते आणि बसलेला पुढे जातो. रूळ काटकोनातच ओलांडायचा. गटाराची जाळी आली तर खुर्ची वळवून मागची मोठी चाकं आधी न्या. तीव्र उतारावरही उलटंच उतरायचं.

स्कूटरवर कासव-ससा (हळू-जोरात) बटण असतं. लिफ्टमध्ये आणि गर्दीत कासवावर. चालत नसेल तर बॅटरीला शिव्या देण्याआधी मागचा, चाकं मोकळी सोडायचा खटका बघा. तो उघडा राहिला तर मोटर लागत नाही, आणि ब्रेकही लागत नाही.

मी हातखुर्चीच्या बाजूचा. स्कूटरवर पाय दिवसभर खाली लोंबतो आणि संध्याकाळी बूट चढत नाही.

ऑर्लँडोकर
@चाकवाला, ढकलणारं माणूस दणकट असेल तर. सत्तरीच्या काकू काकांना ढकलत असतील तर स्कूटरच. पाय सुजला की फर्स्ट एडमध्ये खाट आणि बर्फ मिळतो.

खोपोलीकर
आमच्या इमॅजिका पार्कात नायट्रो हा रोलर कोस्टर फ्लोअरलेस आहे : निघायच्या आधी पायाखालची फळी बाजूला होते आणि पाय हवेत. बूट किंवा प्लास्टरचं वजन गुडघ्याला लटकतं, ताज्या दुखण्यात नकोच. पावसाळ्यात खोपोलीचा पाऊस आणि कुबड्या ही जोडी जमत नाही. जायचंच तर कोरड्या दिवसांत.

फिजिओ
विमानाचं राहिलं. नवं, न चिरलेलं प्लास्टर असेल तर दोन तासांपर्यंतच्या प्रवासाआधी २४ तास आणि त्याहून लांबच्या आधी ४८ तास थांबायला सांगतात, कारण सूज वाढली तर आत जागा नसते. विमान कंपनीकडे चाकाची खुर्ची नोंदवताना प्रकार नीट सांगा. ‘आर’ म्हणजे पायऱ्या चढता येतात, ‘एस’ म्हणजे पायऱ्या नाही पण आत सीटपर्यंत चालता येतं, ‘सी’ म्हणजे सीटपर्यंत खुर्चीच. संकोचाने ‘आर’ सांगतात आणि मग विमानाच्या शिडीखाली उभे राहतात.