घडी न मोडता आत

कुणीतरी विचारलंय, मायटोकाँड्रियासारखी (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) पेरॉक्सिसोममध्येही (पेशीतला पडद्याने वेढलेला एक छोटा कप्पा) प्रथिनं उलगडून आत जातात का? नाही, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. इथे पूर्ण घडी पडलेलं प्रथिन तसंच्या तसं आत जातं. १९९५ मध्ये तर ‘पेरॉक्सिसोममध्ये न्या’ असं सांगणारं खुणेचं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) लावलेल्या प्रथिनात गुंडाळलेले ९ नॅनोमीटरपर्यंतचे सोन्याचे कण मानवी पेशींत टोचले, तेही आत पोचले. सोनं कुठून उलगडणार!

ही खूण प्रथिनाच्या अगदी शेवटी असते: सेरीन, लायसीन, ल्युसीन ही तीन अमिनो आम्लं, बस्स. ती पहिल्यांदा सापडली काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश पाडणाऱ्या एन्झाइममध्ये. आपण पुणेकर पावसाच्या तोंडावर राजमाचीला जो लखलखाट बघायला जातो, तो याच एन्झाइमचा.

पेक्स५ (माल वाहून नेणारं प्रथिन) खूण धरतो आणि पेरॉक्सिसोमच्या पडद्यातल्या पेक्स१३ या प्रथिनाच्या जेलीसारख्या जाळीतून मालासकट आत शिरतो (हे २०२२ मधलं काम, जरूर वाचा). एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च होतो तो पेक्स५ ला परत बाहेर काढताना. त्याला युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटतं, मग पेक्स१ आणि पेक्स६ ही प्रथिनं त्याला ओढतात, आणि त्यात उलगडतो तो पेक्स५ स्वतः. झेलवेगर आजाराच्या (यात पेरॉक्सिसोम नीट बनत नाहीत) बाळांमध्ये सर्वाधिक वेळा बिघाड सापडतो तो याच पेक्स१ च्या जनुकात.