मुलांच्या वॉर्डातली ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) टीम सांभाळायची जबाबदारी आलीय, आधी कोणाला बघायचं कसं ठरवता?

नमस्कार. आठ वर्षं मुलांच्या वॉर्डात ऑक्युपेशनल थेरपी करतेय, दोन महिन्यांपासून टीमची जबाबदारी माझ्याकडे आलीय. सोबत दोन ज्युनिअर, आणि मुलं अशी की एकाच लेकराला सेरेब्रल पाल्सी, फिट्स, नाकातून नळी, नजरेचा प्रॉब्लेम, सगळं एकत्र. आता दिवसभर रेफरल आणि मीटिंगा, संध्याकाळी घरी जाताना वाटतं की एकालाही नीट वेळ दिला नाही. त्यात बोलावणं येतं ते डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, "तेवढं खुर्चीचं बघून घ्या" म्हणून. मुलाच्या मापाची, नीट बसवणारी खुर्ची काय एका दिवसात होते का? ज्युनिअरकडे तुम्ही काय काय सोपवता?

जुनी_ओटी:
ताई, रेफरल ज्या क्रमाने आले त्या क्रमाने बघणं आधी बंद करा. आम्ही सकाळी दहा मिनिटं उभ्याउभ्याच ठरवतो, कुणाच्या कातडीला धोका आहे आणि कुणाला चुकीच्या पोझिशनमुळे गिळायला किंवा श्वासाला त्रास होतोय, ती मुलं आधी, मग घरी जायची ठरत आलेली. डिस्चार्जचं बोलणं राउंडमध्ये होतं म्हणून आठवड्यातून एकदा तरी तुम्ही स्वतः राउंडला उभ्या राहा, चिठ्ठीची वाट बघू नका. जीएमएफसीएस ४-५ ची मुलं, म्हणजे हालचालीच्या वर्गवारीत सगळ्यात जास्त अडचण असलेली, असतील तर खुब्याचा शेवटचा एक्स-रे कधीचा आहे ते बघाच, मायग्रेशन, म्हणजे खुब्याचा गोळा खोबणीबाहेर सरकणं, ३० टक्क्यांच्या वर असेल तर बसवायचा प्लॅन करण्याआधी ऑर्थोशी बोला.

ज्युनिअरला नुसतं काम देऊ नका, मूल द्या, म्हणजे पहिल्या दिवसापासून घरी जाईपर्यंत ते मूल त्याचं, आणि आठवड्यातून एकदा तुम्ही त्याच्यासोबत त्या बेडपाशी जायचं. "बसणं सुधारणे" असा गोल, म्हणजे उद्दिष्ट, लिहून आणला तर सरळ परत करा. "जेवताना दहा मिनिटं डोकं सावरून आईकडे बघेल" असं लिहिलं की नर्सलाही कळतं आणि आईलाही. गोल अटेनमेंट स्केलिंग, म्हणजे ठरवलेलं उद्दिष्ट किती गाठलं ते मोजायची पद्धत, वापरलंत तर उणे २ ते अधिक २ मध्ये मूल कुठे आहे ते दिसतं, कारण या मुलांची सुधारणा इतकी बारीक असते की नेहमीच्या स्कोअरमध्ये ती दिसतच नाही.

रात्रपाळी_सिस्टर:
पोझिशनिंगची दोन पानी सूचना रात्री दोन वाजता कोणीच वाचत नाही हो, सक्शन चालू असतं, बाजूच्या बेडचा अलार्म वाजत असतो. आमच्या एका थेरपिस्टने आईवडलांना विचारून मुलाचा नीट झोपवलेला फोटो काढला, उशी कुठे, गुडघ्याखालचा रोल कुठे, त्यावर बाण काढले आणि बेडच्या डोक्याशी लावला. तेव्हापासून तिन्ही शिफ्टला ते मूल तसंच झोपवलेलं असायचं. आणि आम्हाला विचारा, मूल कुठल्या कुशीवर शांत झोपतं हे आम्हालाच माहीत असतं.

एक_आई:
मी थेरपिस्ट नाही. माझ्या मुलीला हाताचा स्प्लिंट (हात नीट ठेवायचा पट्ट्याचा आधार) दिला, दाखवला, मी मान हलवली, आणि घरी आल्यावर पट्टा उलटा बांधला. अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ उठला, आणि मला वाटलं असंच होत असेल. पुढच्या खेपेला दुसऱ्या मॅडम होत्या, त्या स्वतःचे हात मागे बांधून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता तुम्ही घाला. मी तीनदा चुकले, त्यांनी हात लावला नाही, चौथ्यांदा जमलं. मग म्हणाल्या, काढल्यावर वीस मिनिटांत लाली गेली नाही तर परत घालू नका, मला फोन करा. ज्युनिअरला एवढं तरी नक्की शिकवा, प्लीज.

मूळ प्रश्न विचारणारी:
ताई, हे वाचून थांबलेच, आमच्याकडेही आम्ही दाखवतो आणि आई मान हलवते. उद्यापासून स्प्लिंट आईच घालणार, आम्ही बघणार. सिस्टर, फोटोचं आज इन्चार्जशी बोलले, चार नंबरच्या बेडपासून सुरू करतोय. जुनी ओटी ताई, राउंडचा वार कळवतील म्हणालेत.