पडद्यावर येताना काय गळले? (अनुभव धागा)

अद्भुतरम्य कादंबऱ्यांत काही पात्रे अशी असतात की त्यांना कथेतलीच माणसे ओळखू शकत नाहीत, आणि गैरसमज दूर होतो तो फार उशिरा. अशी पात्रे पडद्यावर आली तेव्हा आपल्याला काय जाणवले, हे लिहिण्यासाठी हा धागा आहे. अभिनय उत्तम होता एवढ्यावर थांबू नये, ही विनंती. कोणता प्रसंग राहिला, कोणता गळला आणि त्यामुळे पात्राचे दुःख बदलले का, हे सांगावे. माझे मत असे आहे की शोकात्म पात्र त्याच्या अपराधासकट उभे राहते आणि त्याच्या पश्चात्तापासकट पडते. या दोहोंपैकी एक काढून घेतले की प्रेक्षकाचे काम सोपे होते, पण पात्र लहान होते.

सुरुवात गॉलमपासून करतो. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतला हा जीव एका जादूच्या अंगठीने भ्रष्ट झालेला आहे, आणि ती नष्ट करायला निघालेला फ्रोडो व त्याचा सोबती सॅम यांचा तो वाटाड्या आहे. पीटर जॅक्सन यांच्या २००२ सालच्या ‘द टू टॉवर्स’ या दुसऱ्या चित्रपटात अँडी सर्किस यांच्या अभिनयावर संगणकाने घडवलेला गॉलम रात्री स्वतःशी भांडतो, आणि कॅमेरा दोन बाजूंनी आलटूनपालटून त्याच्याकडे बघतो, तेव्हा एकाच देहातले दोन जीव वेगवेगळे दिसतात. टोल्किन यांच्या शब्दांना त्या दृश्याने काही कमी केले नाही. पण मला ज्या प्रसंगाची खरी प्रतीक्षा होती तो पुढचा. कादंबरीत किरिथ उंगोल या डोंगरखिंडीच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असताना विश्वासघाताची तयारी करून आलेला गॉलम त्यांच्याकडे बघत राहतो, त्याच्या डोळ्यांतली चमक विझते, तो एकाएकी फार म्हातारा आणि थकलेला दिसतो, आणि थरथरता हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला अगदी हळुवार स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो, काहीतरी डाव असणार असे समजून त्याच्यावर खेकसतो, आणि तो क्षण निघून जातो. हाच आपल्या दृष्टीने कदाचित सर्वांत शोकात्म क्षण आहे, असे टोल्किन यांनी एका पत्रात लिहिले आहे. २००३ सालच्या तिसऱ्या चित्रपटात हा प्रसंग नाही. तिथे गॉलम लेंबास या प्रवासातल्या पावाची शिदोरी दरीत फेकतो, तिचा चुरा सॅमच्या अंगावर टाकून आळ घेतो आणि फ्रोडो सॅमला माघारी पाठवतो. म्हणजे सॅमचा संशय खरा ठरतो. एका प्रामाणिक, प्रेमळ माणसाच्या कठोर शब्दाने दुसऱ्याच्या सुधारण्याची वाट बंद झाली, हे दुःख चित्रपटात उरतच नाही.

पुण्याहून एक वाचक

मला जन्मापासून दिसत नाही. चित्रपट ऐकताना माझी बहीण शेजारी बसून दृश्ये हळू आवाजात सांगत असते, पण गॉलमच्या त्या भांडणाच्या वेळी मी तिला थांबायला सांगितले. स्मीगॉलचा, म्हणजे अंगठी मिळण्यापूर्वीच्या त्याच्या रूपाचा, आवाज बारीक, कापरा आणि विनवणीचा आहे. गॉलमचा घशाच्या तळातून खरवडून येतो. स्वतःविषयी ‘आम्ही’ म्हणून बोलणारा हा जीव खरोखरच एकटा नाही, हे केवळ आवाजातून कळत होते. त्याचे रूप किळसवाणे आहे, हे मला नंतर सांगण्यात आले. तोपर्यंत माझी त्याच्याशी ओळख झालेली होती.

याच संदर्भात एक तक्रार मनापासून मांडते. ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन’ या १९३५ सालच्या चित्रपटात रानात राहणारा आंधळा साधू फ्रँकेन्स्टाईन या शास्त्रज्ञाने प्रेतांच्या तुकड्यांतून घडवलेल्या जीवाला घरात घेतो, त्याला दोनचार शब्द शिकवतो आणि मित्र म्हणतो. प्रसंग हृद्य आहे. मात्र त्याच्या मुळाशी असलेला, मेरी शेली यांच्या कादंबरीतला आंधळा म्हातारा डी लेसी हा न दिसल्यामुळे दयाळू झालेला भोळा माणूस नाही. समोरचा बोलतो आहे ते तो नीट ऐकतो, तोलतो आणि मग उत्तर देतो. माझ्यासारखीला हा फरक फार मोठा वाटतो.

नागपूरहून, जुने चित्रपट बघणारा एक सभासद

वरील प्रतिसादाला जोडून १९३१ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाईन’विषयी लिहितो, कारण माझ्या मते याहून मोठा अन्याय कोणत्याही पात्रावर पडद्याने केलेला नाही. १८१८ सालच्या कादंबरीत हा जीव एका कुटुंबाचे बोलणे लपून ऐकून भाषा शिकतो, मिल्टनचे महाकाव्य वाचतो आणि आल्प्समधल्या हिमनदीजवळ आपल्या निर्मात्यासमोर आपली बाजू विलक्षण स्पष्टपणे मांडतो. चित्रपटात त्याला एकही शब्द नाही. शिवाय त्याच्या डोक्यात गुन्हेगाराचा मेंदू बसवल्याचे दाखवून, जो दुष्टपणा कादंबरीत टाकून दिले गेल्यामुळे आला तो इथे जन्मजात ठरवला आहे.

तरीही बोरिस कार्लॉफ यांनी छपरातून येणाऱ्या उजेडाकडे दोन्ही हात उचलले की सगळा अन्याय क्षणभर मागे पडतो. तळ्याकाठी लहान मुलगी त्याला फुले पाण्यावर कशी तरंगतात ते दाखवते. फुले संपतात, आणि तीही तरंगेल अशा समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. प्रेक्षकांना धक्का बसू नये म्हणून टाकण्याचा तो भाग कापण्यात आला आणि पुढची अनेक दशके चित्रपट तसाच दाखवला गेला. त्याचे हात मुलीकडे जातात, दृश्य तुटते, आणि नंतर बाप तिचे प्रेत उचलून गावात येतो. मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षकांनी काय काय कल्पना केली असेल! अजाणतेपणी घडलेला मृत्यू कात्रीमुळे हेतुपुरस्सर क्रौर्य वाटू लागला. कापलेला भाग परत जोडलेली प्रत मी पाहिली तेव्हा सोबतचे प्रेक्षक भीतीने नव्हे, दुःखाने गप्प झाले होते.

सांगलीहून एक शिक्षिका

माझ्या विद्यार्थ्यांमध्ये ‘हॅरी पॉटर’मधल्या स्नेप या शिक्षकाविषयी तट पडलेले असतात, आणि केवळ चित्रपट पाहिलेली मुले त्याच्यावर जास्त प्रेम करतात, असे मला वारंवार दिसते. याचे कारण ॲलन रिकमन यांचा संथ, शब्द तोडून बोलणारा स्वर एवढेच नाही. कादंबरीच्या पाचव्या भागात अपमानित झालेला तरुण स्नेप, त्याचीच बाजू घेणाऱ्या लिलीला, म्हणजे हॅरीच्या पुढे होणाऱ्या आईला, जातिवाचक शिवी देतो आणि तिची मैत्री कायमची गमावतो. २००७ सालच्या चित्रपटात त्या आठवणीतून लिलीच वगळली आहे, आणि २०११ सालच्या अखेरच्या चित्रपटातही ती शिवी येत नाही. त्याऐवजी लिलीचे कलेवर कवटाळून रडणारा स्नेप दिसतो, जो कादंबरीत नाही. फक्त लिलीला वाचवा, असे विनवणाऱ्या स्नेपला शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर कादंबरीत ‘तुझी किळस येते’ असे सुनावतात. तेही चित्रपटात नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते ती वयाची. पहिल्या भागात स्नेप एकतीस वर्षांचा आहे आणि रिकमन तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. ऐन तारुण्यात केलेल्या पापाचे ओझे घेऊन जगणारा तरुण माणूस, ही त्याच्या शोकांतिकेची बाजू पडद्यावर आलीच नाही.

ठाण्याहून एक सभासद

सांगलीच्या बाईंच्या म्हणण्याला दुजोरा देतो. आम्ही ‘मृत्युंजय’ वाचून वाढलेली माणसे. कर्णावर आमचा इतका जीव, की द्यूतसभेत त्याने द्रौपदीला उद्देशून काढलेले हीन शब्द आमच्या आठवणीतून आपोआप गळतात. मूळ महाभारतात ते शब्द आहेत, आणि उद्योगपर्वात दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना बोललेल्या कटू शब्दांचा कर्णाने कृष्णाजवळ व्यक्त केलेला पश्चात्तापही आहे. स्नेपच्या शिवीची गळती पाहून मला आमचीच सवय आठवली.

अमेरिकेतून एक सभासद

थोडक्यात लिहिते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या २०१३ सालच्या तिसऱ्या पर्वात जेमी लॅनिस्टर स्नानगृहात ब्रिएन या स्त्री-योद्ध्याला सांगतो की ज्या राजाला मारल्याबद्दल जग त्याला राजहंता म्हणते, तो राजा अख्खे शहर जाळायला निघाला होता. भूतकाळाचे एकही दृश्य दाखवलेले नाही. केवळ वाफ, तोडलेला हात आणि ऐकणारीचा चेहरा. त्याच वेळी, लहान मुलाला खिडकीतून ढकलणारा तो हाच, हे मालिका विसरू देत नाही. धागाकर्त्यांना जे हवे आहे ते मला इथे सापडले.

नाशिकहून एक वाचक

गॉलमविषयी मात्र माझा आक्षेप आहे. तिसरा चित्रपट उघडतो तोच स्मीगॉल आणि डेअगॉल यांच्या मासेमारीने, आणि संगणकाच्या आवरणाविना दिसणारे सर्किस आपल्या सोबत्याचा गळा दाबतात. नंतर तोच चेहरा टप्प्याटप्प्याने सडत जातो. कादंबरीत ही हत्या गँडाल्फ या जादूगाराच्या तोंडून कळते. इथे ती आपल्यासमोर घडते. पायऱ्यांवरचा स्पर्श गळला हे मान्य, पण अपराध पुसला गेला असे या चित्रपटाबाबत म्हणता येणार नाही. माझी हरकत शेवटाला आहे. कादंबरीत गॉलम अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचता नाचता तोल जाऊन ज्वालामुखीत पडतो, आणि अंगठीचा आधीचा धारक बिल्बो याने गॉलमला पूर्वी दाखवलेली दया अशी अकल्पितपणे फळाला येते. चित्रपटात फ्रोडो त्याच्याशी झटापट करतो आणि दोघेही कड्यावरून घसरतात. मोरिया या भुयारी नगरीतला, गँडाल्फ आणि फ्रोडो यांचा दयेविषयीचा संवाद चित्रपटाने आवर्जून ठेवला होता. मग अखेरीस त्या दयेची जागा झटापटीला का दिली, हे कुणी समजावून सांगितले तर वाचायला आवडेल.