मदत हवी आहे: गुणसूत्रं पहिल्याच विभाजनात निम्मी झाली, मग दुसरं कशासाठी?

नमस्कार मंडळी,

माझी भाची दहावीला आहे, भांडुपला, मराठी माध्यमात. रविवारी मी तिचा अभ्यास घेतो. मी कॉमर्सचा, पण पेशी विभाजन तिच्याबरोबर वाचताना मलाच गोडी लागलीय. सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीपासून तशाच दोन पेशी होणं, दोघांनाही नीट समजलं. 46 गुणसूत्रांची (डीएनएच्या धाग्यांची) पेशी, आधी प्रत्येकाची प्रत निघते, मध्यावस्थेत सगळी मधोमध येतात, पश्चावस्थेत तुर्कतंतू (पेशीतले ओढणारे धागे) प्रत्येकाच्या दोन्ही प्रतींना, म्हणजे अर्धगुणसूत्रांना, विरुद्ध टोकांकडे ओढतात, शेवटी 46-46 च्या दोन पेशी. चारही अवस्थांच्या आकृत्या ती पुस्तक न बघता काढते.

गाडी अडलीय अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे बीजांड-शुक्रपेशी बनताना गुणसूत्रं निम्मी होतात त्या विभाजनात. ते दोन भागांत होतं. भाग 1 मध्ये सजातीय गुणसूत्रं (आईकडून एक, वडिलांकडून एक अशी जोडी) वेगळी होतात, म्हणजे प्रत्येक पेशीत 23. भाग 2 नंतरही 23च! तिने वहीत चार गुणसूत्रांची पेशी काढली, आईकडून आलेली दोन लाल पेनने, वडिलांकडून आलेली दोन निळ्या. भाग 1 नंतरच्या पेशीखाली 2 लिहिले, भाग 2 नंतरच्या पेशीखालीही 2, आणि मला म्हणाली, “मामा, निम्मी आधीच झाली ना? मग परत विभाजन कशाला?”

क्लासमध्ये तिला सांगितलं, परीक्षेला एवढं विचारत नाहीत. हे मला अजिबात पटलेलं नाही. इतका चांगला प्रश्न पडलाय पोरीला, उत्तर मिळायलाच हवं. त्यात माझी भर: शेवटी निम्मंच करायचंय, तर आधी डीएनएची प्रत काढायचीच कशाला? एकदाच विभागून मोकळं का होत नाही? कृपया दहावीच्या मुलीला कळेल असं सांगा.

प्रतिसाद १ (ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते)

दादा, भाचीची आकृती बरोबर आहे. फक्त प्रत्येक पेशीखाली दोन आकडे लिहायला सांगा: गुणसूत्रं किती आणि अर्धगुणसूत्रं, म्हणजे क्रोमॅटिड, किती. गुणसूत्रं मोजायची तर गुणसूत्रबिंदू (दोन क्रोमॅटिड जिथे जोडलेले असतात ती जागा) मोजायचे, चुकणार नाही. माणसात प्रत निघाल्यावर 46 गुणसूत्रं, 92 क्रोमॅटिड. भाग 1 नंतर 23 आणि 46. भाग 2 नंतर 23 आणि 23. म्हणजे भाग 1 संपला तेव्हा गुणसूत्रं निम्मी झाली, पण प्रत्येक अजून दुहेरीच आहे. मधे पुन्हा प्रत निघत नाही, म्हणून भाग 2 मध्ये ती सुटी होतात.

तुमची शंका जास्त खोल आहे. भाग 1 च्या सुरुवातीला, पूर्वावस्था 1 मध्ये, सजातीय गुणसूत्रं जवळ येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात. त्या जागी जोडी एकमेकांत अडकून राहते, आणि ही पकड टिकते ती प्रत्येक गुणसूत्राच्या दोन क्रोमॅटिडनी एकमेकांना धरून ठेवलेलं असतं म्हणून. प्रतच नसती तर जोडी आधीच सुटली असती, आणि कोण कुठल्या पेशीत जाईल याचा भरवसा राहिला नसता. जोडी नीट वेगळी न होता 21 क्रमांकाची दोन्ही गुणसूत्रं एकाच बीजांडात गेली, तर बाळात ते गुणसूत्र तीनदा येतं. तोच डाऊन सिंड्रोम.

आता तिला एका लाल क्रोमॅटिडचं टोक निळं आणि त्याच्या जोडीतल्या निळ्याचं टोक लाल करायला सांगा. दोन्ही भाग पुन्हा काढले की चारही पेशी वेगवेगळ्या निघतील.

धागाकर्ता

ताई, खूप आभार! दोन आकडे लिहिल्यावर तिचं तिलाच उमगलं. आता तिला हे प्रत्यक्ष बघायचंय. शाळेत मायक्रोस्कोप आहे. कांद्याच्या मुळात दिसेल का?

प्रतिसाद १

मुळाच्या टोकाशी फक्त सूत्री विभाजन दिसेल. कांद्यात 16 गुणसूत्रं असतात आणि ती चांगली मोठी, त्यामुळे ओळखू येतात. अर्धगुणसूत्री बघायचं तर कांद्याच्या फुलाची न उमललेली कळी हवी, त्यातल्या परागकोशात (परागकण तयार होतात तिथे). कळीचं वय अचूक साधावं लागतं, घरी जमणं कठीण. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे तयार स्लाइड मिळते का विचारा.