फॅमिली ग्रुपवरची चर्चा: ब्रेक्झिटच्या वेळी ब्रिटिश पार्लमेंट का अडकलं

चिनू: लंडनवाली ताई, जागी आहेस का? टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न आलाय, ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याच्या, काळात ब्रिटिश संसद का ठप्प झाली, १५ मार्क. तारखा पाठ आहेत, २३ जून २०१६ रेफरेंडम म्हणजे सार्वमत, ३१ जानेवारी २०२० ला बाहेर. पण मधली साडेतीन वर्षं काय चाललं होतं तेच डोक्यात बसत नाहीये. लोकांनी मत दिलं, निघायचं ठरलं, मग अडलं कुठे

मोठेकाका: अडलं नाही, अडवलं. खासदारांनी अडवलं. १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडा म्हणून सांगितलं, ५१.९ टक्के, आणि मतदान ७२ टक्के. एवढा कौल मिळाल्यावर संसदेचं काम तो राबवायचं. पण निम्म्याहून जास्त खासदार मनातून युरोपात राहायच्या बाजूचे, ते कशाला राबवतील

ताई: काका आकडे बरोबर आहेत तुमचे, कौल होता हे मलाही मान्य आहे. पण मतपत्रिकेवर प्रश्न एवढाच होता की युरोपियन युनियनमध्ये राहायचं का बाहेर पडायचं. बाहेर पडून पुढे काय ते कुठेच नव्हतं. नॉर्वेसारखं सिंगल मार्केटमध्ये, म्हणजे युरोपच्या एकाच बाजारपेठेत राहायचं, की फक्त कस्टम्स युनियन, म्हणजे सामायिक जकात ठेवायची, की कॅनडासारखा नुसता व्यापार करार करायचा, की काहीही करार न करता चालतं व्हायचं, हे चारही बाहेरच आहेत ना, आणि प्रचारात ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्थ सांगितला. मग पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी २९ मार्च २०१७ ला कलम ५० ची, म्हणजे बाहेर पडायची, नोटीस देऊन टाकली, म्हणजे दोन वर्षांची मुदत सुरू झाली, आणि आपल्याला हवंय काय हे त्यांच्या मंत्रिमंडळातच ठरलेलं नव्हतं. त्यावर जून २०१७ मध्ये मुदतीआधी निवडणूक घेतली, जागा वाढतील म्हणून, तर होतं ते बहुमत पण गेलं. ३१७ जागांवर आल्या आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर सरकार चालवायची वेळ आली. चिनू, मला विचारशील तर गाठ तिथे बसली.

आत्या: म्हणजे आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटसारखं. बिल्डिंग पाडायची यावर सगळ्यांची सही आहे, बिल्डर कोण म्हटलं की मीटिंग बरखास्त

ताई: हो आत्या तसंच, फक्त इथे मुदत संपली की बिल्डर असो नसो घर रिकामं करायचंच होतं.

वकील दादा: चिनू एक मुद्दा लिहून ठेव, परीक्षेत कामाला येईल. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा करार सभागृहात आला तेव्हा ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. २३० मतांचा फरक, आधुनिक काळात तिथल्या कुठल्या सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नाही. आणि विरोधात मत देणाऱ्यांत ११८ त्यांच्याच पक्षाचे. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडला की दहाव्या परिशिष्टाखाली सदस्यत्व जाऊ शकतं. तिथे तसं काही नाही. पक्ष फार तर काढून टाकतो, खासदारकी शाबूत राहते. आपल्या संसदेत असा निकाल लागणंच अवघड आहे.

मोठेकाका: मग शिस्त नाही म्हणा की. पंतप्रधानाचाच पक्ष पंतप्रधानाला पाडतो

वकील दादा: काका पाडलं नाही ना तेच तर. दुसऱ्या दिवशी अविश्वास ठराव आला तर ३२५ विरुद्ध ३०६ ने सरकार वाचलं, तेच ११८ जण परत येऊन सरकारच्या बाजूने उभे. म्हणजे पंतप्रधान राहू दे, पण त्यांचं एकमेव धोरण नको. मला हे फार अस्वस्थ करणारं वाटलं होतं तेव्हा.

ताई: १५ जानेवारीची रात्र मी टीव्हीवर पूर्ण बघितली. तिथे बटण दाबून मतदान नसतं, होकाराची लॉबी वेगळी, नकाराची वेगळी, उठून चालत जायचं, घंटा वाजल्यावर आठ मिनिटांनी दारं बंद. ट्युलिप सिद्दिक या विरोधातल्या लेबर पक्षाच्या खासदार, नऊ महिने भरलेल्या, त्यांनी सिझेरियनची तारीख दोन दिवस पुढे ढकलली आणि व्हीलचेअरवर आल्या मत द्यायला. कारण विरोधी बाजूचा एक खासदार मत देणार नाही आणि हिशोब बरोबर होईल अशी जी तोंडी जोडी लावायची पद्धत असते, तिच्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आदल्या वर्षी ती जोडी एकदा मोडली होती. त्यानंतर महिन्याच्या आत प्रॉक्सी मतदान सुरू केलं. एका गरोदर बाईला असं यावं लागतं म्हणजे दोन बाजूंमधला साधा भरवसा किती संपला होता ते कळतं. मला तो २३० चा आकडा विसरायला होईल, पण ती व्हीलचेअर नाही.

वहिनी: ताई, माझा मामेभाऊ तिकडे इंग्लंडात स्विंडनला असतो माहितेय ना तुम्हाला, म्हापशाचा. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला. त्याला मत देता आलं नव्हतं म्हणून तो किती चिडलेला होता

ताई: हो गं, हे फार जणांना माहीतच नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, त्यावर कितीतरी गोंयकार इथे स्विंडनला, साउथॉलला आले, कारण पोर्तुगीज म्हणजे युरोपियन, व्हिसाच लागत नव्हता. पण रेफरेंडममध्ये मत कुणाला, तर ब्रिटिश, आयरिश आणि इथे राहणारे कॉमनवेल्थचे नागरिक. मी तेव्हा भारतीय पासपोर्टवर, तरी मला मत होतं. तुझ्या भावाचं राहणं, नोकरी, मुलांची शाळा सगळं त्या निकालावर अवलंबून आणि त्याला मत नाही. स्विंडनने तर बाहेर पडायच्या बाजूने कौल दिला, म्हणजे शेजारीपाजारीच. आणि आपल्यातल्याच कित्येकांनी बाहेरच्या बाजूने मत दिलं, कारण प्रचारात सांगितलं होतं की युरोपातून येणारे कमी झाले की आपल्याकडच्यांना व्हिसा मिळेल. मंडळात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती यावरून, खरं सांगते, गणपतीत सुद्धा ते टोचत होतं.

मोठेकाका: ते ठीक आहे. पण माझ्या मुद्द्याचं उत्तर नाही मिळालं. ज्यांना मनापासून बाहेर पडायचं होतं ते तरी एक होते की नाही? त्यांना राहू इच्छिणाऱ्यांनीच अडवलं

ताई: नाही ना काका, नेमकं हेच मला सांगायचंय आणि यावरच माझा जीव तुटतो. अडवायला दोन्ही टोकं होती, आणि एकत्र होती. २९ मार्च २०१९, म्हणजे ज्या दिवशी बाहेर पडायचं मुळात ठरलं होतं तोच दिवस, मे यांचा करार तिसऱ्यांदा आला. त्याआधी दोनदा पडलेला. मे यांनी सांगितलं होतं की करार पास करा, मी खुर्ची सोडते. तरी ३४४ विरुद्ध २८६ ने पडला. त्या ३४४ मध्ये कडवे बाहेरवाले होते, २८ जण, सगळ्यात जास्त ओरडणारे. त्यांनी मत दिलं असतं, डीयूपीच्या १० जणांनी दिलं असतं, तर ५८ चा फरक भरून निघाला असता आणि ब्रिटन तेव्हाच बाहेर पडलं असतं. पण नाही, त्यांना बॅकस्टॉप नको होता.

चिनू: बॅकस्टॉप म्हणजे आयर्लंडचं ना

ताई: हो. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये राहणार, उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर जाणार, मधे जवळजवळ ५०० किलोमीटरची बॉर्डर. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथे चौक्या नाहीत, तीस वर्षांच्या रक्तपातानंतर मिळालेली ती गोष्ट आहे. ब्रिटनचे नियम नि जकात वेगळी झाली की मालाची तपासणी कुठेतरी करावीच लागणार. बॅकस्टॉप म्हणजे दुसरा मार्ग निघेपर्यंत सगळं ब्रिटनच युरोपच्या जकातीच्या चौकटीत राहील. कडवे म्हणाले यातून कधी सुटकाच होणार नाही.

आता दुसरं टोक ऐका. सरकारला जमत नाही म्हणून खासदारांनी कामकाज आपल्या हातात घेतलं, कशाला बहुमत आहे ते आपणच बघू म्हणून. २७ मार्चला आठ पर्याय ठेवले, कागदावर एकेकाला हो नाही लिहायचं. आठही पडले. १ एप्रिलला त्यातले चार परत आणले. चारही पडले. पण त्यात टोरी, म्हणजे मे यांच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे केन क्लार्क, यांचा कस्टम्स युनियनचा पर्याय २७६ विरुद्ध २७३ ने पडला. तीन मतं! तीनच. आणि युरोपात राहायचं म्हणणारे पक्ष काय करत होते? स्कॉटिश नॅशनल पार्टी मतदानापासून लांब राहिली, लेबर आणि टोरी सोडून आलेल्यांचा जो नवा मधला गट होता त्यांनी विरोधात मत दिलं. का, तर दुसरा रेफरेंडम मिळेल आणि ब्रेक्झिटच रद्द होईल अशी आशा. त्याच रात्री निक बोल्स नावाचे टोरी खासदार, ज्यांनी सिंगल मार्केटमध्ये राहायचा पर्याय मांडला होता, ते भर सभागृहात उभे राहिले, माझा पक्ष तडजोडच करत नाही म्हणून मी पक्ष सोडतो म्हणाले आणि निघून गेले. आवाज भरून आला होता त्यांचा.

म्हणजे प्रत्येक टोकाला वाटत होतं अजून थोडं ताणलं की पूर्ण आपल्यासारखं होईल, आणि तोवर मधला प्रत्येक रस्ता दोघांनी मिळून बंद केला.

वकील दादा: आणि दोन टोकांपैकी एकच जिंकणार होतं. पूर्ण राहायचं म्हणणाऱ्यांनी तीन मतांची ती संधी घालवली आणि शेवटी त्यांना मे यांच्यापेक्षाही कडक ब्रेक्झिट मिळालं. राजकारण म्हणून बघितलं तर ही त्यांची मोठी चूक, मी पण मानतो.

मोठेकाका: हे मला माहीत नव्हतं, तीन मतांचं. पण मग बोरिस जॉन्सननी येऊन तोडलं ना सगळं

वकील दादा: तोडलं पण कसं ते बघा. जुलै २०१९ ला पंतप्रधान झाले, ऑगस्ट संपताना संसद पाच आठवडे स्थगित करायचा सल्ला राणीला दिला, बाहेर पडायची वाढवलेली मुदत ३१ ऑक्टोबर समोर असताना. २४ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की ही स्थगिती बेकायदा, म्हणजे झालीच नाही. लेडी हेल तेव्हा अध्यक्ष होत्या कोर्टाच्या. लोक म्हणतात कोर्टाने राजकारण केलं, मला नाही पटत. संसदेला सरकारला जाब विचारायचा असतो, तिला कारण न देता एवढा वेळ घरी पाठवता येत नाही, एवढंच कोर्ट म्हणालं. आणि त्याच्या आधी ३ सप्टेंबरला फिलिप ली हे टोरी खासदार जॉन्सन भाषण करत असताना समोर विरोधकांच्या बाकावर जाऊन बसले, सरकारचं बहुमत तिथल्या तिथे संपलं. त्याच रात्री करार नसेल तर मुदत वाढवून घ्या असा कायदा आणायला मदत केली म्हणून २१ टोरींना पक्षाबाहेर काढलं. केन क्लार्क, १९७० पासून खासदार. फिलिप हॅमंड, काही आठवड्यांपूर्वीपर्यंत अर्थमंत्री. निकोलस सोम्स, चर्चिलचा सख्खा नातू.

आत्या: चर्चिलच्या नातवाला चर्चिलच्या पक्षातून काढलं??

ताई: हो आत्या. त्यांनी सप्टेंबरमध्येच निरोपाचं भाषण केलं, रडवेले झाले होते. त्या २१ पैकी १० जणांना नंतर परत घेतलं म्हणा, पण बाकीच्यांची खासदारकी संपली. आणि डिसेंबरच्या निवडणुकीत त्या मधल्या गटात गेलेल्यांपैकी एकसुद्धा परत निवडून आला नाही.

चिनू, अजून एक लिही, हे कुणी लिहीत नाही. रेफरेंडमच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ ला जो कॉक्स या खासदाराचा खून झाला होता, मतदारसंघातच, दोन लहान मुलांची आई. मारणारा अतिउजव्या विचारांचा. आणि २५ सप्टेंबर २०१९ ला, कोर्टाच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, पॉला शेरिफ नावाच्या खासदार उभ्या राहून सांगत होत्या की आम्हाला जिवे मारायच्या धमक्या येतात, त्यात तुमचेच शब्द असतात, गद्दार वगैरे, जरा भाषा सांभाळा. पंतप्रधानांनी ते थोतांड म्हणून उडवून लावलं. मी किचनमध्ये रेडिओवर ऐकत होते, हातातलं काम थांबलं माझं. मतभेद हवेत, भांडण पण चालेल, पण जिचा जीव गेला तिच्या मैत्रिणींना असं उत्तर?

मोठेकाका: ते चूकच होतं. त्यात दुमत नाही. तरी मी म्हणेन की १२ डिसेंबर २०१९ ला लोकांनी परत सांगितलं, ३६५ जागा दिल्या. ८० चं बहुमत. तेव्हा लोकांचा निर्णय तोच होता

ताई: काका जागा ३६५ पण मतं ४३.६ टक्के. दुसरा रेफरेंडम हवा म्हणणाऱ्या पक्षांना मिळून निम्म्याहून किंचित जास्तच मतं होती, फक्त ती चार ठिकाणी फुटली. पण हेही खरं की लोक कंटाळले होते, एकदाचं संपवा म्हणत होते, त्याचं मत मिळालं जॉन्सनना. त्यांना नाकारून चालणार नाही.

चिनू: आणि डीयूपीचं काय झालं मग? त्यांनी तर मे यांचा करार पाडला

ताई: जॉन्सननी नवा करार केला त्यात जकातीची तपासणी आयरिश समुद्रात आणली, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्या मधे. मे म्हणाल्या होत्या असलं काही ब्रिटनचा कुठलाच पंतप्रधान मान्य करणार नाही. डीयूपीला नेमकं तेच नको होतं आणि तेच पदरात पडलं, आणि आता सरकारला त्यांच्या १० मतांची गरज पण नव्हती. तो वाद पुढे फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर करारानंतरही चालला आणि डीयूपीने त्यापायी बेलफास्टची विधानसभा दोन वर्षं चालू दिली नाही. चिनू तू उत्तर लिहून इथे टाक, दादा आणि मी दोघं बघतो, काका तुम्ही पण बघा.

मोठेकाका: टाक. पण माझी बाजू पण नीट मांड त्यात, लोकांचा कौल हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात यायला पाहिजे

चिनू: येईल काका. आणि तीन मतांचं दुसऱ्यात