दौऱ्याच्या खर्चाचे नियम संगणकाकडे दिल्यापासून योग्य क्लेमही अडकत आहेत – कोणता नियम कोठे लावावा, याबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

पुणे जिल्ह्यातील एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या लेखा विभागात मी गेली नऊ वर्षे काम करते. आमचे सुमारे १४० तंत्रज्ञ आणि सेवा अभियंते सोलापूर, सांगली, लातूर, अकोला या भागांत आणि कर्नाटकात बेळगाव-विजयपूरपर्यंत फिरत असतात. त्यांचे टीए-डीएचे (प्रवास आणि दैनिक भत्त्याचे) क्लेम तपासून पैसे खात्यावर पाठवणे हे आम्हा तिघांचे मुख्य काम आहे. मागील आर्थिक वर्षापर्यंत धोरणाची छापील प्रत शेजारी ठेवून आम्ही प्रत्येक क्लेम हाताने तपासत होतो. एप्रिलपासून मोबाइलवर बिलाचा फोटो काढून क्लेम भरायचा, संगणकाने त्याला धोरणाचे नियम लावायचे आणि सर्व नियमांत बसलेला क्लेमच मंजुरीसाठी पुढे जाऊ द्यायचा, अशी पद्धत सुरू झाली. त्यासाठी लागणारी ३४ नियमांची यादी धोरणावरून मीच तयार करून दिली, त्यामुळे पुढे जे लिहीत आहे त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगते.

हाताने तपासताना चुका होत होत्या, हे खरे आहे. महिनाअखेरीस ढीग साचला की दोन बिलांची बेरीज कोणी करत नसे, आणि ओळखीच्या माणसाचा क्लेम लवकर सुटत असे. नियम सर्वांना सारखा लागावा, म्हणून मला ही व्यवस्था हवी होती आणि आजही हवी आहे. परंतु आम्ही सर्वच्या सर्व नियम अडवणारे ठेवले आणि त्याचे परिणाम आता दिसत आहेत.

आषाढीच्या वारीत वारकऱ्यांच्या तळावरील पंप बंद पडला, म्हणून आमच्या एका तंत्रज्ञाला तातडीने पंढरपूरला पाठवले होते. लहान शहरांसाठी मुक्कामाची मर्यादा १,२०० रुपये आहे. त्या दिवसांत पंढरपुरात त्या भावात खोली मिळत नाही, हे महाराष्ट्रात कोणालाही सांगावे लागू नये. त्याने २,६०० रुपये देऊन रात्र काढली. मुक्कामाची ही एक ओळ मर्यादेबाहेर गेल्यामुळे संगणकाने त्याचा संपूर्ण पंधरवड्याचा क्लेम अडवला. त्यात पेट्रोल, जेवण आणि स्वतःच्या खिशातून आणलेल्या बेअरिंगचे पैसेही होते. कारण लिहून पाठव, असा निरोप ॲपवर गेला. तो शेतावर होता, निरोप त्याने चार दिवसांनी पाहिला. त्याचे उत्तर आले तेव्हा त्याचे साहेब रजेवर होते. पैसे मिळायला २६ दिवस लागले. त्या महिन्यात मुलाच्या शाळेच्या फीसाठी त्याने उसने पैसे घेतल्याचे मला नंतर समजले. कंपनीच्या कामासाठी त्याने स्वतःचा पैसा वापरला आणि तोच आम्ही रोखून धरला, ही गोष्ट मला सलते.

दुसरी अडचण एसटीच्या तिकिटांची आहे. तिकिटाची रक्कम आणि ठरावीक भाडे यांत १० टक्क्यांहून अधिक फरक असेल तर क्लेम थांबवावा, असा नियम मी लिहिला होता. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, हे तो लिहिताना माझ्या ध्यानात आले नाही. त्यामुळे आमच्या दोन महिला अभियंत्यांचे प्रत्येक तिकीट ‘विसंगत’ ठरले. त्यांनी कंपनीचा खर्च निम्म्यावर आणला होता, आणि संशय मात्र त्यांच्यावरच येत होता.

दुबार बिले शोधणाऱ्या नियमाबाबत तर मला काही सुचेनासे झाले आहे. तारीख, दुकान आणि रक्कम सारखी असेल तर दोन्ही क्लेम थांबतात. दोन तंत्रज्ञ एकाच खानावळीत शेजारी बसून प्रत्येकी १२० रुपयांची थाळी जेवले, तर दोघेही अडकतात. उलट एकाच खोलीत राहिलेल्या दोघांनी एकच लॉजचे बिल वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून भरले, तेव्हा संगणकाने एका फोटोतील क्रमांक १०१७ आणि दुसऱ्यातील १०७७ असा वाचला आणि दोन्ही मंजूर केले. हस्तलिखित बिलांवरील मराठी १ आणि ९ यांचा घोळ तर रोजचाच आहे.

जीएसटीचा नियमही असाच आहे. लॉजच्या बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नसेल तर बिल परत जाते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान लॉजला नोंदणी सक्तीची नाही, म्हणजे त्याच्याकडे कराचे बिल असणारच नाही. बेळगावच्या लॉजने लावलेला कर्नाटकचा कर तर आम्हाला आमच्या जीएसटीतून वजा करून मिळू शकत नाही, कारण आमची नोंदणी केवळ महाराष्ट्रात आहे. तरीही तंत्रज्ञाने त्या लॉजमालकाशी हुज्जत घालून बिल बदलून आणावे, अशी आमची अपेक्षा आहे.

माझे प्रश्न असे आहेत. कोणत्या नियमांनी पैसे अडवावेत आणि कोणत्या नियमांनी केवळ खूण करावी, हे आपल्याकडे कोणत्या आधारावर ठरवतात? क्लेममधील एक ओळ बाजूला ठेवून उरलेल्या ओळींचे पैसे देण्याची पद्धत कोणी राबवली आहे का, आणि लेखापरीक्षकांनी तिला हरकत घेतली का? अपवाद कोणी मंजूर करावा? पैसे दिल्यावर सर्व तपासू या, असा एक विचार आमच्याकडे पुढे आला आहे. तो मला पटत नाही, कारण दिलेले पैसे पगारातून कापणे हे अडवण्याहून अधिक क्लेशाचे असते. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी अंतर्गत लेखापरीक्षणाचे काम करतो. आपल्या यादीतील प्रत्येक नियमापुढे एकच प्रश्न लिहून पाहा: हा नियम मोडला गेल्याचे कळल्यावर कर्मचारी आता काही करू शकतो का? फोटो अस्पष्ट असेल तर तो पुन्हा काढू शकतो, तारीख चुकली असेल तर सुधारू शकतो. असे नियम क्लेम भरतानाच, म्हणजे बिल त्याच्या हातात असतानाच, लागले पाहिजेत. पंढरपूरच्या खोलीचे पैसे देऊन झाले आहेत. तेथे अडवून काहीही साध्य होत नाही. तो निर्णय दौऱ्यावर निघतानाच व्हायला हवा होता. जाण्याचे ठिकाण आणि तारखा टाकताच मर्यादा दिसावी आणि ती अपुरी असेल तर साहेबांनी त्याच वेळी वाढीव रक्कम मंजूर करावी.

रोखीच्या खर्चाचेही हेच आहे. आयकरात ज्या तरतुदीला आपण वर्षानुवर्षे ४०अ(३) म्हणून ओळखतो, तिच्यानुसार एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली तर तो खर्च कंपनीला वजावट म्हणून मिळत नाही. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे. तंत्रज्ञाने क्रेनवाल्याला १२,००० रुपये रोख दिल्यावर त्याचा क्लेम अडवला, तर कंपनीची वजावट परत येत नाही आणि त्याचे पैसे मात्र अडकतात. पैसे देण्यापूर्वी त्याने फोन करावा आणि कंपनीने थेट क्रेनवाल्याच्या खात्यावर रक्कम पाठवावी, अशी सोय असेल तरच हा नियम पाळला जातो.

जीएसटीचे नियम आपण क्लेमच्या तपासणीतून पूर्णपणे बाहेर काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लॉजने भरलेला कर आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे आपल्याला वजा करून मिळू शकणाऱ्या कराच्या मासिक विवरणात दिसतो, आणि ते विवरण पुढील महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. जी खातरजमा तेव्हाच होणार आहे, तिच्यासाठी आज माणसाचे पैसे का थांबवावेत? जेवणावरील कराचे क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या जीएसटीतून वजा करून मिळणे, तर सर्वसाधारणपणे मिळतच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. म्हणजे १,२०० रुपयांच्या खोलीमागे प्रश्न ६० रुपयांचा आहे. संगणकाने त्यांतील आपल्या उपयोगाची बिले स्वतःच वेगळी काढावीत: लॉजच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकचे २९. पंधरावे अक्षर पडताळणीचे असते, त्यामुळे फोटोवरून क्रमांक चुकीचा वाचला गेला असेल तर बहुतेक वेळा तेही कळते. यासाठी कर्मचाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागत नाही.

ओळीनुसार पैसे देण्याला आम्ही कधीही हरकत घेतलेली नाही. कोणती ओळ, कोणत्या नियमाने, कोणत्या तारखेला थांबली आणि कोणी कोणते कारण लिहून सोडली, एवढी नोंद पुसता न येणारी असावी. वरिष्ठांनी ‘ओके’ एवढेच लिहून सोडलेला अपवाद मात्र आम्ही मान्य करत नाही.

प्रतिसाद २

मी अकरा वर्षे फिरतीवर होतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. बिलाशिवाय ५०० रुपयांपर्यंत खर्च चालतो, असे आपल्याही धोरणात असेल. संगणक लागला की ४९० रुपयांचे क्लेम वाढतात आणि कार्यालयात सर्वांना वाटते की माणसे खोटे बोलू लागली. काही जण बोलतातही, ते नाकारत नाही. परंतु बहुतेकांचे असे असते की रिक्षा, हमाली, चहा, कच्च्या रस्त्यावर पंक्चर काढणे यांची पक्की बिले मिळतच नाहीत, आणि खरा खर्च ६५० झाला असेल तरी माणूस ४९० लिहून गप्प बसतो. बिलागणिक मर्यादा ठेवण्याऐवजी दिवसाची किंवा दौऱ्याची एकत्रित मर्यादा ठेवा; तुकडे पाडण्याचे कारणच उरणार नाही.

किलोमीटरचेही पाहा. नकाशा मुख्यालयापासून तालुक्याच्या गावापर्यंतचे अंतर मोजतो, आणि आम्ही सांगोल्याच्या पुढे तीन वस्त्यांवरच्या तीन विहिरींपर्यंत जातो. सेवा नोंदवहीत ग्राहकाचे ठिकाण असतेच. संगणकाने तेथून तेथवर मोजावे.

आणि एक गोष्ट विचारायची आहे. आपल्या व्यवस्थापकांचे आणि संचालकांचे खर्च याच नियमांतून जातात का? आमच्याकडे ते कंपनीच्या कार्डावर होत असत आणि ॲपमध्ये येतच नसत. थाळीचे १२० रुपये अडकलेल्या माणसाला हे कळते, आणि त्यानंतर कितीही न्याय्य नियम त्याला न्याय्य वाटत नाही.

प्रतिसाद ३

मी अशा प्रणाली बसवण्याचे काम करते. दोन तांत्रिक सूचना आहेत. प्रत्येक नियमाला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा तारखा द्या, आणि खर्चाच्या तारखेला जो नियम लागू होता तोच लावा. अन्यथा दर बदलले की जूनमध्ये झालेला खर्च जुलैच्या दराने तपासला जातो. दुबार बिलांसाठी जीएसटी क्रमांक किंवा फोन क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम यांची एकत्र तुलना करावी. चारांपैकी तीन जुळले आणि चौथ्यात एकाच अंकाचा फरक असला तर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी माणसाला दाखवावेत. आपली १०१७ आणि १०७७ ची जोडी यात सापडली असती. खानावळीच्या बिलावर क्रमांकच नसेल आणि दोन्ही कर्मचारी त्या दिवशी एकाच कामावर असतील, तर ते प्रकरण उघडूच नये.

कोणताही नवा नियम अडवण्यासाठी लावण्यापूर्वी मागील सहा महिन्यांच्या, हाताने मंजूर झालेल्या क्लेमवर तो चालवून पाहावा. जो नियम केवळ योग्य क्लेम पकडतो, तो काढून टाकावा. एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा प्रश्न अशा चाचणीत पहिल्याच दिवशी दिसला असता.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातील प्रश्न घेऊन आम्ही काल ३४ नियम पुन्हा वाचले. त्यांपैकी नऊच अडवणारे राहिले. अकरा नियम दौऱ्याच्या पूर्वमंजुरीत गेले, जीएसटीचे सहा आमच्या टेबलावर आले, पाच केवळ खूण करतील आणि एसटीच्या नियमासह तीन आम्ही रद्द केले. मागील सहा महिन्यांच्या क्लेमवर चाचणी सोमवारपासून सुरू करत आहोत.

व्यवस्थापकांच्या कार्डांबाबतचा प्रश्न मी आमच्या वित्तप्रमुखांना लेखी विचारला आहे. आमच्याकडेही ते खर्च ॲपमध्ये येत नाहीत. उत्तर अद्याप आलेले नाही.

एक प्रश्न उरतो. दौरा तातडीचा असेल आणि साहेब फोन उचलत नसतील, तर रात्री दहा वाजता पूर्वमंजुरी कोणाकडून घ्यायची? सेवा केंद्रावर चोवीस तास एक पर्यवेक्षक असतो. ठरावीक रकमेपर्यंत त्याला अधिकार द्यावा, असे मी सुचवणार आहे. कोणाकडे अशी व्यवस्था असल्यास रकमेची मर्यादा किती ठेवली आहे, ते कृपया कळवावे.